पहिल्या पानावरची ओळ

“काय दुखतं-खुपतं का गो तुला? माझ्या कानात सांग. कोनी आयकत नाय.”

हा आवाज रुपाने एकोणीस वर्षांपूर्वी ऐकला होता. उंबरपाड्याच्या मांडवात, जांभळीच्या डहाळ्यांखाली ती बसली होती आणि समोर धवळारीण उभी होती, लग्नाची गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. सकुबाई तिचं नाव. तेव्हा ती पस्तिशीची असेल. उजव्या हातात दिव्याचं ताट कपाळाएवढं उंच धरून ती गात होती:

उगव रे दिवसा, डोंगराच्या आडून,
नवरीबाय निंगाली आईला सोडून.
आईच्या दाराशी मोगरीचा येल,
सासरच्या इहिरीला पानी किती खोल?

आणि मध्येच थांबली. वाकली, रुपाच्या कानाशी तोंड नेलं आणि ते विचारलं. ही रीत पाड्याची नव्हती, सकुबाईची एकटीची होती. हळद लावायच्या आधी ती प्रत्येक नवरीला विचारायची. कुणी रडायची, कुणी नुसती मान हलवायची. रुपा म्हणाली होती, “पायात काटा हाय. तीन दिस झालं.”

सकुबाईने ताट शेजारणीच्या हातात दिलं, पदराची पिन काढली, भर मांडवात नवरीचा पाय मांडीवर घेतला आणि काटा उकरायला लागली. बाप्ये खोळंबले. कुणीतरी ओरडलं, “सकुबाय, टाइम चालला!”

“चालू दे. लंगडी नवरी नेशील का?” असं म्हणून तिने काटा काढला, ताट परत घेतलं आणि जिथे ओळ सोडली होती तिथून गाणं उचललं.

आज तीच सकुबाई एसटीच्या खिडकीला डोकं लावून बसली होती. चैत्रातला गुरुवार. डोळखांबहून सुटलेली गाडी शहापूरकडे उतरत होती आणि वळणावळणावर मोहाच्या फुलांचा गोड, जड वास आत येत होता. डोक्यावरून घट्ट ओढलेल्या पदराखाली सकुबाईला केस नव्हते. भुवयाही विरल्या होत्या. सहा वेळा केमो झाली होती, दर एकवीस दिवसांनी एकदा, आणि सहाही वेळा रुपा तिच्यासोबत गेली होती.

रुपा पाड्याची आशा. घरोघर फिरून गरोदर बायांची, बाळांची, म्हाताऱ्यांची खबर ठेवायची, ती दवाखान्यात पोचवायची आणि दवाखान्याचं म्हणणं घरी आणायचं, असं तिचं काम. आज निघण्याआधी तिने दोन घरी लसीचे निरोप दिले होते, एका बाळंतिणीला गोळ्या पोचवल्या होत्या, आणि डब्यात भाकरी घालायची राहून गेली होती. बसायला जागा मिळाली की तिच्या पायांत कळ उठायची. चालताना ती कळ कुठे जायची कोण जाणे.

“भूक लागली का गो?” सकुबाईने डोळे न उघडता विचारलं.

“नाय काकी.”

“खोटं. तुज्या पोटाचा आवाज गाडीच्या वर येतोय.” तिने कनवटीची पुरचुंडी सोडून मूठभर भाजलेले चिंचोके रुपाच्या हातावर ठेवले. “चघळ. ते आज काय ठरवनार म्हनलीस?”

“आता ऑपरेशन कसलं करायचं ते. नुसती गाठ काढायची का सगळं काढायचं.”

“सगळं म्हंजे?”

“सगळं म्हंजे सगळं, काकी.”

सकुबाईचा हात छातीशी गेला. मग म्हणाली, “चार पोरं पाजली. एक काढली नि एक ठेवली, तर लुगडं एका अंगाला घसरल. धवळे म्हनताना लोकं गानं आयकतील का लुगडं बघतील?” ती आपल्याच बोलण्यावर हसली. हसताना तिला खोकला आला आणि रुपाने पाण्याची बाटली पुढे केली.

रुपाच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक वही होती. शंभर पानी, वर मोराचं चित्र. ही वैष्णवी सिस्टरची युक्ती. शहापूरच्या बाहेर एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. तिथे गुरुवारी केमो देतात. ऑपरेशनच्या मॅडम मुंबईला, गाठीचा तुकडा तपासणारे ठाण्याला, शेक देणारे, म्हणजे रेडिएशनचे, डॉक्टर कल्याणच्या बाजूला. एकाचे कागद दुसऱ्याकडे पोचत नाहीत, पोचले तर भिजलेले असतात. म्हणून सिस्टरने प्रत्येक पेशंटला एक वही दिली. जो कुणी पेशंटला हात लावेल त्याने आपल्या हाताने त्यात लिहायचं. काय पाहिलं, काय दिलं, पुढच्याने काय बघायचं. वही पेशंटबरोबर गावोगाव फिरायची. सहा महिन्यांत सकुबाईच्या वहीत सात जणांची अक्षरं जमली होती. रुपाचंही अक्षर होतं. दर भेटीनंतर ती लिहायची, ‘घरी जाऊन आले. ताप नाही. जेवते.’

पण वही उघडताना ती पहिलं पान नेहमी दोन बोटांत धरून पटकन उलटायची.

पहिल्या पानावर त्या दवाखान्यातल्या डॉक्टर संदेशच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: ‘गाठ एक वर्षापासून. जानेवारीत आशाताईंनी विचारले असता रुग्णाने नाही सांगितले. रुग्ण माहिती लपवते.’

सकुबाईला वाचता येत नव्हतं.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत, पौषात, मोबाईलवर एक फॉर्म आला होता. तिशीवरच्या सगळ्यांना विचारायचे प्रश्न. उंबरपाड्यात अशा बाया चव्वेचाळीस, आणि संपवायला दिवस उरले होते दोन. रुपा सकुबाईच्या अंगणात पोचली तेव्हा ऊन कलत होतं आणि पुढे अजून चार घरं बाकी होती. अंगणात सकुबाईचा दीर कोंडू बसला होता, आणि टोकावड्याहून लग्नाची सुपारी घेऊन आलेले दोन पाहुणे. रुपाने उभ्या उभ्याच सुरुवात केली. खोकला येतो का? नाय. तोंडात न भरणारी जखम? नाय. दम लागतो? “गाताना लागत नाय, चढताना लागतो,” असं सकुबाई म्हणाली आणि पाहुणे हसले.

मग तो प्रश्न आला. मोबाईलवरचा शब्द पुस्तकातला होता. तो पाड्यात कुणी बोलत नाही. आणि पाड्यात जो बोलतात, तो शब्द दिरापुढे, पाहुण्यांपुढे, जिने आपलं लग्न लावलं त्या बाईला विचारायचा कसा? ‘काकी, जरा आत चल,’ एवढं म्हणता आलं असतं. पण आत गेलं की चूल पेटणार, चहा होणार, सकुबाई बसवून घेणार. बाहेर ऊन खाली सरकत होतं. रुपाने मोबाईलवर ‘नाही’वर बोट ठेवलं. तशीच खूण तिने त्याआधीच्या घरांतही केली होती, नंतरच्या चार घरांतही केली. त्या साली उंबरपाड्यात कुणाच्याच छातीत गाठ नव्हती.

निघताना सकुबाई वईपर्यंत, अंगणाच्या कुंपणापर्यंत, सोडायला आली होती. “झालं? आनी काय इचारायचं ऱ्हायलंय का गो?”

“नाय काकी. झालं.”

त्यानंतर दहा महिने गेले. दिवाळी झाल्यावर ओहळावर धुणी धुताना सकुबाईचं ओलं लुगडं खांद्यावरून सरकलं आणि रुपाला दिसलं. कातडी आत ओढलेली, संत्र्याच्या सालीसारखी. “काकी, हे काय?”

“खडा हाय. भात झोडत व्हतो तवापासून हाय. पयला बोराएवढा व्हता.” आणि जणू कुणीतरी शेवटी विचारलं याचा तिला आनंदच झाला होता, अशी ती सांगत सुटली. पाला बांधला, भगताकडं गेली, लेक रखमी मुरबाडला, तिला सांगून काय फायदा.

दुसऱ्याच दिवशी रुपाने तिला शहापूरला आणलं. डॉक्टर संदेशने तपासलं आणि मग मोबाईलवर जुनी नोंद काढली. त्याचा चेहरा उतरला. “आशाताई, जानेवारीत तर तुम्ही विचारलं होतं. तेव्हा नाही म्हणाल्या ना या?”

रुपाच्या तोंडातून नुसतं “हं” निघालं. शब्दसुद्धा नव्हे तो. पण डॉक्टरने तेवढ्यावर ती ओळ लिहिली.

शहापूरला उतरल्यावर रिक्षा मिळाली नाही. दोघी सावली धरून चालत गेल्या. दवाखान्याच्या दारातच वैष्णवी सिस्टर भेटली. डोळ्यांखाली काळं, पायात दोन वेगळ्या जोडांच्या चपला.

“मावशी, आलात! आज सुई नाही, घाबरू नका.”

“मी कुटं घाबरते? तूच घाबरतेस माज्या शिरंला.”

“घाबरणारच. तुमची शीर म्हणजे रानातली सापसुरळी. दिसली दिसली म्हणते तोवर गायब.” सिस्टरने तिचा हात हातात घेऊन उलटापालटा केला. “आधी व्यायामाच्या ताई बोलावतात, मग सोनोग्राफी, मग दीड वाजता आमची मीटिंग. त्यात तुमचं ठरणार. रुपाताई, तुम्ही पण बसायचं हं आत.”

व्यायामाच्या ताई म्हणजे प्रेमा. ऑपरेशननंतर हात आखडू नये म्हणून ती आधीपासूनच सकुबाईकडून करून घेत होती. भिंतीवर पेन्सिलने खुणा होत्या, भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. सकुबाईची बोटं एकेका खुणेवर थांबत होती आणि ती नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत होती.

“मावशी, आज मागच्या वेळेपेक्षा दोन बोटं वर गेलात.”

“ताट धरायचंय ना गो. वैशाखात रखमीच्या पुतनीचं लगीन हाय मुरबाडला. खांद्याएवढं धरून कसं चालल? दिवा कपाळाशी पायजे.”

प्रेमाने वहीत लिहिलं, ‘उजवा हात चांगला. रोज करते. ताट धरण्याएवढा हात वर जायला हवा, हे ऑपरेशनला लक्षात ठेवावं.’ लिहून झाल्यावर तिने टेबलावर डोकं टेकलं. “दोन मिनिटं हं, मावशी,” म्हणाली. सकाळपासून तिने व्यायाम करून घेतलेला हा अठरावा हात होता.

सोनोग्राफीला आज नवीन डॉक्टर होती. तरुण, हसरी. तिने यंत्र फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवलं, आणि म्हणाली, “अरे वा, आजी! लिंबाएवढी होती ना? आता चिंचोक्याएवढी राहिलीय. औषधाने छान काम केलंय.”

सकुबाईने रुपाकडे पाहून डोळे मिचकावले. कनवटीत अजून चार-दोन चिंचोके होते.

मग त्या डॉक्टरने लिहायला वही उघडली. सगळे नवीन लोक उघडतात तशीच पहिल्या पानापासून. वाचता वाचता तिचं हसू मावळलं. तिने सकुबाईच्या दंडावर हात ठेवला, अगदी मायेने. “आजी, रागावत नाही मी. पण त्या जानेवारीत तुम्हाला विचारलं होतं ना, गाठ आहे का म्हणून? तेव्हा नाही का सांगितलंत? वर्ष वाया गेलं बघा.”

“मला?” सकुबाई उठून बसली. “कोनी इचारलं?”

“इथे लिहिलंय की.”

रुपा पडद्याची कड धरून उभी होती. सकुबाईला आजवर सगळेच उशीर केला म्हणून बोलले होते. सिस्टर बोलली होती, केमोचे डॉक्टर बोलले होते, रक्त काढणारासुद्धा बोलला होता. ती ऐकून घ्यायची. उशीर झाला होता हे खरंच होतं. पण वहीत नेमकं काय लिहिलंय ते आज पहिल्यांदा कुणी मोठ्याने सांगितलं होतं.

बाहेरच्या बाकावर येऊन दोघी बसल्या. वर पंखा होता, तो फिरत नव्हता. सकुबाईने वही रुपाच्या मांडीवर ठेवली.

“पयल्या पानावर काय लिवलंय, वाच.”

“डॉक्टर लोकांचं असतं काकी. नाव, वय...”

“माजं नाव हाय?”

“हाय.”

“मंग वाच.”

“मीटिंगला बोलावतायत गो. मागनं वाचते.”

सकुबाईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या बिनभुवयांच्या डोळ्यांत राग नव्हता, हे रुपाला जास्त जड गेलं.

“रुपा, मी इतकी लगनं लावली. सुपारी घेतली तर ताप असला तरी गेली. माज्या तोंडाला खोटं कोनी म्हनलं नाय. हितं मला सगळी मायेनं बोलतात, हात धरून बोलतात, पन खोटी समजून बोलतात. आज मला कळलं.” तिने पदर सारखा केला. “त्यांना कापायचं ते कापू दे. सगळं कापू दे. पन त्याच्यापुढं मी यायची नाय. त्या शेकाला रोज नवा मानूस असंल. तो वही उघडल नि माजा हात धरल. सिस्टर म्हनते ते पंधरा दिस मी असं मायेनं खोटी व्हायला जायची नाय.”

“काकी, शेक नाय घेतला तर परत येतं ते.”

“यू दे.”

दीड वाजता सिस्टरने हाक मारली. मीटिंगची खोली म्हणजे औषधांची खोली. खोक्यांच्या मधे एक टेबल, त्यावर पाच डबे उघडलेले, आणि पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला डॉक्टर संदेशचा मोबाईल. त्याच्यातून मुंबईच्या ऑपरेशनच्या मॅडमचा आवाज येत होता, मागे कुठेतरी ट्रॉलीची चाकं खडखडत होती. कल्याणकडचे शेकाचे डॉक्टरही त्याच फोनवर होते.

“दहा मिनिटं आहेत माझ्याकडे, संदेश. उभ्यानेच बोलतेय.”

“आम्ही बसून खातोय मॅडम, सॉरी.” संदेशने घास गिळला. तो पस्तिशीचाच, पण दाढीत पांढरं दिसायला लागलं होतं. आज सकाळपासून त्याने सत्तर पेशंट पाहिले होते. “सकुबाई, वय चोपन्न, उंबरपाडा. गाठ खूप कमी झालीय. काखेतल्या गाठीही. तुकड्याचा रिपोर्ट तुमच्याकडे आहेच.”

“सोनोग्राफी पाहिली मी. मस्त. नुसती गाठ काढता येईल. पण मग शेक पाहिजेच, एकही दिवस न चुकवता. कल्याण, किती दिवस?”

“पंधरा,” शेकाचे डॉक्टर म्हणाले. “सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे. राहायची सोय?”

“मुलगी मुरबाडला आहे,” सिस्टर म्हणाली. “तिथून कल्याणची एसटी आहे. मी बोललेय तिच्याशी, ती तयार आहे.”

“मग प्रश्न काय आहे?”

संदेशने भाकरीचा तुकडा डब्यात परत ठेवला आणि वही ओढली. “प्रश्न भरवशाचा आहे मॅडम. ही बाई लपवते. आशाने समोर जाऊन विचारलं होतं तरी नाही म्हणाली, दहा महिने गेले. आता पंधरा दिवसांत चौथ्या दिवशी यायची थांबली, आणि आपल्याला सांगितलंच नाही तर? गाठ परत आली तर मी कुणाला तोंड दाखवू? सगळं काढून टाकलं तर निदान...”

“सगळं काढलं तरी हिला शेक लागेलच,” फोनमधून शेकाचे डॉक्टर म्हणाले. “पण तेव्हा चुकला तर धोका थोडा कमी, हे खरं.”

“सर, एकही तारीख चुकली नाही त्यांची,” सिस्टर म्हणाली.

“व्यायाम तर माझ्यापेक्षा जास्त करतात,” प्रेमा म्हणाली.

“मला पण आवडतात त्या. आवडण्याचा प्रश्न नाहीये ना.” संदेशने डोळे चोळले. “वाडा-मोखाड्याकडे होतो तेव्हा अशीच एक पेशंट होती. मला वाटलं येईल. आली नाही. मी पुन्हा तसलं नाही करू शकत.”

फोनमधल्या ट्रॉलीची खडखड थांबली.

“मग सगळंच काढायचं,” मॅडमचा आवाज आला, दमलेला. “मला वाईट वाटतंय, पण ठीक आहे. लिहा.”

संदेशने पेन उचललं. मग लिहिण्याआधी त्याने मान वर केली, कदाचित स्वतःच्याच समाधानासाठी. “आशाताई, तुम्ही त्यांना सगळ्यात जास्त ओळखता. तुमचं काय म्हणणं?”

रुपाच्या पुढ्यात सिस्टरने वाढलेली अर्धी पोळी तशीच होती. तिला दिसत होतं पुढचं सगळं. तालुक्याला फोन जाईल. खोटी नोंद केली म्हणून काम जाईल. पाड्यात बाया पाणवठ्यावर म्हणतील, हिच्याकडे विश्वासाने लेकरं दिली आपण. आणि ते बाजूला ठेवलं तरी त्रेचाळीस बाया उरत होत्या, ज्यांना तिने कधी विचारलंच नव्हतं. तिला इतका थकवा आला की वाटलं, इथेच खोक्यांवर डोकं ठेवून झोपावं. एक ‘हं’ म्हटलं की संपेल. मागच्या वेळी संपलं होतं तसंच.

“मी त्यांना आत बोलावू का, सर?” ती म्हणाली.

“मीटिंगमध्ये? पेशंटला?”

“त्यांच्यासमोर बोलायचंय मला.”

संदेशने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने काही न विचारता दार उघडलं.

सकुबाई आत आली. उघडे डबे, खोके, फोन, सगळ्यांवर तिची नजर फिरली. “जेवताय का? जेवा, जेवा,” ती म्हणाली आणि दारापाशीच उभी राहिली. प्रेमाने आपलं स्टूल तिला दिलं.

“हॅलो? कोण आलं?” फोनमधून आवाज आला.

“पेशंट आलीय मॅडम. एक मिनिट.”

रुपाने वही संदेशच्या हाताखालून ओढून घेतली आणि पहिलं पान उघडलं. ती सकुबाईच्या समोर येऊन उभी राहिली. एवढ्या जवळ, की वाकलं असतं तर तिच्या कानात बोलता आलं असतं. सकुबाईनेही सवयीने मान थोडी पुढे केली. पण रुपा वाकली नाही. तिने बोट ओळीवर ठेवलं आणि सगळ्यांना, फोनलाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, “जानेवारीत आशाताईंनी विचारले असता रुग्णाने नाही सांगितले. रुग्ण माहिती लपवते.”

तिने बोट ओळीवरून काढलं नाही.

“काकी, हे खोटं हाय. मी तुला इचारलंच नाय. कोंडूकाका व्हता, पाव्हणे व्हते, मला तो शब्द तोंडातून काढवला नाय. ऊन चाललं व्हतं, चार घरं व्हती. तुला आत चल म्हनायला पायजे व्हतं. मी मोबाईलवर ‘नाय’ केलं नि निंगाली. तू वईपर्यंत आलीस, इचारलंस, आनी काय ऱ्हायलंय का. तवा पन मी नाय म्हनली. पाड्यातल्या सगळ्या बायांचं मी तसंच केलंय, सर, एकीलाबी इचारलं नाय. आनी हितं तुमी मला इचारलं तवा मी हं म्हनली. हिनं काय लपवलं नाय. ही ओळ खोडा, आनी तिथं माजं नाव घाला.”